मित्राला सुतक नसते

माणूस गेल्यानंतर मागे राहिलेल्यांना तीन गोष्टी लागतात: डोळ्यांनी पाहता येईल असा देह, तो कसा गेला याची मनाला पटणारी हकिगत, आणि ती हकिगत ऐकून घेणारी माणसे. मराठी मुलखातल्या अंत्यविधींची आणि त्यांच्याभोवतीच्या चालीरीतींची रचना या तीन गरजांना धरूनच झालेली आढळते. देह अंगणात ठेवून शेवटचे दर्शन घेतले जाते. पुढचे दहाबारा दिवस समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला घरातले कोणीतरी ‘कसे झाले’ ते पहिल्यापासून सांगते आणि सांगता सांगता त्या हकिगतीला एक ठरीव आकार येतो. दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवेपर्यंत जमलेली माणसे उन्हात थांबून राहतात, कारण मृताची एखादी इच्छा राहून गेली असेल तर ती ओळखणे आणि ती पुरी करण्याचा शब्द देणे हे त्या सगळ्यांचे काम मानले जाते. या दिवसांच्या अशौचाला सुतक म्हणतात आणि ते रक्ताच्या, म्हणजे भाऊबंदकीच्या नात्याला लागते. मित्राला सुतक नसते.

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला देहाविना शोक करण्याची सवय नाइलाजाने लागलेली आहे. मालवण, देवबाग, आचरा या पट्ट्यातली होडी वादळात सापडली आणि खलाशी परत आला नाही, तर घरच्यांना दाराकडे डोळे लावून बसावे लागते आणि ही वाट पाहणे नेमके कधी थांबवायचे हे कोणालाच ठरवता येत नाही. अशा वेळेसाठी धर्मशास्त्राने पालाशविधी सांगितला आहे: पळसाच्या पानांची मनुष्याकृती करून (परंपरेत ही संख्या ३६० सांगितली जाते) तिलाच देह मानून अग्नी द्यायचा आणि तेथून पुढे सुतक मोजायचे. कायद्यानेही आपल्या परीने मुदत घातली आहे. सात वर्षे ज्याची काहीच खबर नाही त्याला मृत मानता येते, असे भारतीय पुरावा कायद्यापासून चालत आलेले तत्त्व आहे. दर्यात हरवलेल्या माणसाच्या बाबतीत देह मिळाला नाही, तरी हकिगत मात्र सगळ्या वाडीची एकच असते. वादळ झाले होते हे सगळ्यांनी पाहिलेले असते, आणि तो स्वतःच्या पायांनी कुठे निघून गेला असे कोणी म्हणत नाही.

पोलिसांच्या ताब्यातील मृत्यूत ही दुसरी गोष्टच, म्हणजे हकिगत, मोडते. मृत्यूची हकिगत सांगण्याचा पहिला अधिकार तिथे त्याच यंत्रणेकडे असतो, जिच्या हातात असताना तो माणूस मेला. मागे राहिलेल्यांचा सरकारी हकिगतीवरचा अविश्वास अशा वेळी दुःखाने मती फिरल्याचे लक्षण समजला जातो, किंवा त्यामागे कोणाची तरी फूस शोधली जाते. महाराष्ट्रातील प्रत्यक्ष खटले आणि खुद्द देशाचा कायदा पाहिला, तर हा अविश्वास शोकाच्या आड येत नसून शोक पुरा करण्याची तीच पहिली पायरी आहे, असे दिसते. ते दाखवणे हा या प्रकरणाचा विषय आहे.

आंबोलीचा नोव्हेंबर

सावंतवाडीहून दाणोलीमार्गे बेळगावकडे चढणाऱ्या घाटाच्या माथ्यावर आंबोली वसलेली आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंची, महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत गणना, हिरण्यकेशी नदीचा उगम, आणि पावसाळ्यात धबधब्याखाली भिजायला लोटणारी गर्दी यांसाठी ती प्रसिद्ध आहे. नोव्हेंबरात ही गर्दी ओसरते, रात्री धुके उतरते आणि दरीच्या कडेचे रस्ते सुनसान होतात. खोल दऱ्या, दाट झाडी, आणि कोल्हापूर, बेळगाव व गोवा या तिन्ही दिशांना फुटणारे रस्ते यांमुळे बाहेर झालेल्या गुन्ह्यांतले मृतदेह इथे आणून टाकल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, आणि आपल्या गावाचे नाव असे निघावे याचा सल स्थानिकांच्या मनात आहे.

नोव्हेंबर २०१७ मध्ये इथून सुमारे दीडशे किलोमीटर दूर असलेल्या सांगली शहरात अनिकेत कोथळे नावाच्या तरुणाला आणि त्याच्या मित्राला शहर पोलिसांनी लुटमारीच्या गुन्ह्यात पकडले. दोन हजार रुपये आणि मोबाइल हिसकावून घेतल्याची ती तक्रार होती. त्यानंतर पोलिसांकडून घरच्यांना कळले ते एवढेच, की दोघेही ताब्यातून पळून गेले. नातेवाइकांनी या उत्तरावर विश्वास ठेवला नाही; ते पोलीस ठाण्याच्या दारात बसून राहिले, प्रश्न विचारत राहिले, आणि दोन दिवसांच्या आत ते उत्तर कोसळले. अभियोग पक्षाच्या म्हणण्यानुसार, ६ नोव्हेंबरच्या रात्री चौकशीच्या नावाखाली केलेल्या मारहाणीत अनिकेतचा मृत्यू झाला, मृतदेह गाडीत घालून आंबोलीच्या परिसरात नेण्यात आला, तिथे तो जाळण्यात आला, आणि पहिल्या खेपेला तो पुरता जळला नाही म्हणून पुन्हा जाळण्यात आला. एका उपनिरीक्षकासह काही पोलिसांना आणि एका ‘झिरो पोलिसा’ला अटक झाली. पोलीस दलाच्या पगारपत्रकावर नाव नसलेला, पण खबऱ्या, मदतनीस, प्रसंगी चौकशीतला हात म्हणून ठाण्यात वावरणारा खाजगी इसम म्हणजे झिरो पोलीस. तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे (सीआयडी) गेला, सांगलीत बंद पाळला गेला, आणि सरकारने विशेष सरकारी वकील म्हणून उज्ज्वल निकम यांची नेमणूक केली.

या घटनेतील सर्वांत बोलका तपशील मित्राचा आहे. तो अनिकेतबरोबर पकडला गेला, त्याच ठाण्यात होता, आणि सरकारी हकिगतीत तोही ‘पळून गेलेला’ होता. जो पळाला असे सांगितले गेले, तोच पुढे या खटल्यातला महत्त्वाचा प्रत्यक्षदर्शी साक्षीदार ठरला. सोबत्याच्या मरणाचा शोक आणि त्याच मरणाची साक्ष अशी दोन ओझी एकाच माणसावर एकाच रात्री पडल्याचे हे उदाहरण आहे. मित्र गेल्याचे दुःख करायला त्याला सवड मिळण्याआधी जबाब नोंदवावा लागला, आणि आरोपी म्हणून आलेल्या माणसाच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार, या प्रश्नाला तोंड द्यावे लागले.

‘पळून गेला’ या वाक्याची घडण

‘पळून गेला’ हे वाक्य दोन शब्दांचे आहे, पण ते एकाच वेळी चार कामे करते. ते मृत्यू नाहीसा करते, कारण पळालेला माणूस जिवंत असतो. ते दोष उलटवते, कारण पळणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. ते घरच्यांना शोकाकुलांच्या रांगेतून उचलून संशयितांच्या रांगेत उभे करते, कारण पळालेल्याला आसरा देणारे पहिल्यांदा नातेवाईकच असणार असे धरले जाते. आणि देह कुठे आहे हा प्रश्न ते निरर्थक ठरवते. शेवटी देह सापडलाच, तर या वाक्याला शेपूट जोडता येते: पळताना दरीत पडला, पळताना नदीत बुडाला, पळताना रेल्वेखाली आला.

या वाक्याचा इतिहास सांगलीच्या बराच आधीपासून सुरू होतो. ओडिशाच्या सुंदरगढ जिल्ह्यात १ डिसेंबर १९८७ रोजी पोलिसांनी सुमन बेहेरा या २२ वर्षांच्या तरुणाला चोरीच्या संशयावरून नेले आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह रेल्वेरुळांवर मिळाला. तो पहाटे चौकीतून पळाला आणि गाडीखाली आला, असे पोलिसांचे म्हणणे होते. त्याची आई नीलावती बेहेरा यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले, आणि मार्च १९९३ मध्ये दीड लाख रुपये भरपाई देण्याचा निकाल दिला. घटनेने दिलेला जगण्याचा हक्क राज्याच्या हातून मोडला तर राज्य ‘सार्वभौम’ असल्याच्या सबबीआड लपू शकत नाही, हे तत्त्व या निकालाने पक्के झाले.

महाराष्ट्रात या वाक्याचे सर्वांत गाजलेले रूप जानेवारी २००३ मधले आहे. घाटकोपर येथील डिसेंबर २००२ च्या बाँबस्फोटानंतर अटक झालेला, मूळचा परभणीचा संगणक अभियंता ख्वाजा युनूस याला औरंगाबादकडे नेत असताना अहमदनगर जिल्ह्यात पारनेरजवळ जीपला अपघात झाला आणि तो पळाला, असे पोलिसांनी नोंदवले. त्याच्याबरोबर कोठडीत असलेल्या सहआरोपीने मात्र कोठडीत त्याला होत असलेली मारहाण पाहिल्याचे सांगितले. त्याच्या आईने वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या, सीआयडी तपासानंतर चार पोलिसांवर खटला उभा राहिला, पण देह कधीच मिळाला नाही. स्फोटाच्या खटल्यातील आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले. एप्रिल २०१४ मध्ये वडाळा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातील अॅग्नेलो वाल्डारिस या तरुणाबद्दल पुन्हा तेच सांगितले गेले, की तो निसटला आणि लोकलखाली आला. त्याच्याबरोबर उचलली गेलेली मुले वेगळे सांगत होती. वडिलांनी उच्च न्यायालयात धाव घेतली आणि तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे (सीबीआय) सोपवला गेला.

या सगळ्या हकिगती शेजारी शेजारी ठेवल्या की एक साम्य डोळ्यात भरते. महाराष्ट्रातल्या तिन्ही घटनांत सरकारी हकिगतीला पहिला तडा गेला, तो बरोबर पकडल्या गेलेल्या माणसामुळे. कोठडीच्या चार भिंतींआड काय झाले हे पाहणारे दोनच पक्ष असतात: एक गणवेशातला आणि दुसरा पकडून आणलेला. त्यामुळे ज्याच्या शब्दाला समाजात सर्वांत कमी वजन, तोच या प्रकारच्या मृत्यूचा सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार असतो. बहुतेकदा तो मृताचा मित्र असतो, कारण संशयाच्या फेऱ्यात माणसे एकटी सापडत नाहीत. एका कट्ट्यावर बसणारे एकत्र उचलले जातात.

न्यायालये असे वाक्य कसे तपासतात, हे बेहेरा प्रकरणात स्पष्ट दिसते. आरोपी खरोखर पळाला असता तर पोलिसांनी त्याला शोधण्याची धडपड केली असती, आणि अशा शोधाचा भरवशाचा स्वतंत्र पुरावा नाही, याकडे न्यायालयाने लक्ष वेधले. खऱ्या घटनेच्या मागे कागद उरतात. आरोपी निसटला की ठाण्यातल्या स्टेशन डायरीत, म्हणजे रोजच्या घडामोडींच्या वेळेनिशी नोंदी असलेल्या वहीत, त्याची नोंद पडते; बिनतारी संदेश शेजारच्या ठाण्यांना जातो; नाक्यांवर नाकाबंदी लागते; कायदेशीर ताब्यातून पळाल्याचा वेगळा गुन्हा दाखल होतो. यातले काहीच झाले नसेल, किंवा जे झाले ते मागाहून लिहिल्यासारखे दिसत असेल, तर पळालेला माणूस फक्त त्या वाक्यातच पळालेला असतो.

कायद्याचा स्वतःचा अविश्वास

पोलिसांच्या शब्दावर अविश्वास दाखवणे म्हणजे राज्यावर अविश्वास दाखवणे, असा समज सर्रास आहे. पण हा अविश्वास कायद्याने स्वतःच दीडशे वर्षांपूर्वी आपल्या पोटात घेतला आहे. १८५५ मध्ये मद्रास इलाख्यातील छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या आयोगाने महसूल आणि पोलीस कर्मचारी लोकांकडून पैसा व कबुली काढण्यासाठी छळ करतात, हे नोंदवले. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ ने पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही, असे ठरवले. २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते तत्त्व कायम आहे. पोलिसाने सांगितले म्हणजे ते खरेच, असे या देशाच्या कायद्याने कधी मानलेले नाही. कबुली काढण्यासाठी दुखापत करणे हा फौजदारी कायद्यात स्वतंत्र गुन्हा आहे, आणि गणवेश हा त्यावरचा बचाव नाही.

पुढच्या तरतुदींनी हाच अविश्वास विस्तारत नेला. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने त्याच वर्षी कोठडीतील प्रत्येक मृत्यूची माहिती २४ तासांच्या आत कळवण्याचे निर्देश दिले. डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी अटकेसंबंधी ११ बंधने घातली. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव आणि पद वाचता येईल अशी पट्टी असावी, अटकेची वेळ व तारीख नोंदवून त्यावर साक्षीदाराची सही घ्यावी, ताब्यात असताना दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, अशी ती बंधने आहेत. फौजदारी प्रक्रिया संहितेत २००५ च्या दुरुस्तीने कलम १७६ मध्ये पोटकलम (१अ) आले आणि ताब्यातील व्यक्ती मरण पावली ‘किंवा नाहीशी झाली’, तर पोलिसांच्या तपासाखेरीज न्यायिक दंडाधिकाऱ्याने स्वतंत्र चौकशी करणे बंधनकारक झाले. ‘नाहीशी झाली’ हे शब्द कायदा करणाऱ्यांना सुचले, याचाच अर्थ ‘पळून गेला’ हे वाक्य त्यांच्या कानावरून गेलेले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कलम १९६ मध्ये आहे.

तरीही सिद्धतेचा प्रश्न कठीण राहतो. कोठडीतल्या छळाचे साक्षीदार म्हणजे त्याच ठाण्यातले सहकारी, आणि ते बंधुभावापोटी गप्प राहतात किंवा सत्य फिरवतात, ही व्यथा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये श्यामसुंदर त्रिवेदी खटल्यात नोंदवली. विधी आयोगाने त्याच्याही दहा वर्षे आधी, १९८५ च्या आपल्या ११३ व्या अहवालात सुचवले होते, की ताब्यात असताना झालेली इजा पोलिसांनीच केली असे गृहीत धरण्याची मुभा न्यायालयाला द्यावी आणि तसे नाही हे दाखवण्याचा भार पोलिसांवर टाकावा. ही सूचना कायद्यात उतरली नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला मंजुरी दिली नाही. छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा आणि करार मंजूर करावा, असा २७३ वा अहवाल विधी आयोगाने सरकारला दिला तो ३० ऑक्टोबर २०१७ रोजी. सांगलीची ती रात्र त्यानंतर बरोबर एका आठवड्याने आली.

अटकेच्या दारात मित्र

या तरतुदी बारकाईने वाचल्या, तर त्यांत मित्राची एक विलक्षण वाटचाल दिसते. अटक झाल्यावर ती कोणाला कळवायची, हे सांगताना कायदा मित्राचे नाव आवर्जून घेतो. बसू खटल्यातल्या बंधनांत आणि पुढे संहितेतही नातेवाइकाच्या बरोबरीने मित्राचा उल्लेख आहे. तोच माणूस कोठडीत मेला, तर न्यायिक चौकशीची खबर कोणाला द्यायची आणि तिथे कोणाला हजर राहू द्यायचे, हे सांगताना ‘नातेवाईक’ या शब्दाची व्याख्या आई-वडील, मुले, भाऊ, बहीण आणि जोडीदार एवढ्यावर थांबते. गुन्ह्याचा ‘बळी’ कोण याच्या व्याख्येत पालक आणि कायदेशीर वारस येतात. मित्र तिथेही नाही. अटकेच्या दारापर्यंत कायद्याला दिसणारा मित्र मृत्यूच्या दारात अदृश्य होतो. धर्मशास्त्राने त्याला सुतकातून वगळले, आणि कायद्याने, वेगळ्या कारणांनी, पण त्याच जागी त्याला उंबऱ्याबाहेर ठेवले.

शोकाच्या अभ्यासकांनी या अवस्थेला नावे दिली आहेत. अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये ‘मान्यता नसलेला शोक’ ही कल्पना मांडली: ज्याचे दुःख खरे असते, पण ते उघडपणे करण्याचा हक्क समाज त्याला देत नाही, अशा माणसाचा शोक. मित्र, प्रेमिक, सहकारी हे त्यात येतात. आणि ज्याच्या मरणाचीच समाजाला लाज वाटते, जसे की चोरीच्या आळासह मेलेला माणूस, त्याचे सगळेच जिवलग येतात. पॉलीन बॉस यांनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना ‘संदिग्ध वियोग’ ही कल्पना मांडली. माणूस गेला की आहे हेच न कळल्याने मन पुढेही जात नाही आणि मागेही फिरत नाही, अशी ती अवस्था. दर्यावर हरवलेल्या खलाशाच्या घरात जे असते ते हेच. कोठडीतून ‘पळालेल्या’ मित्राच्या बाबतीत या दोन्ही अवस्था एकत्र येतात, आणि त्यांत तिसरी एक भर पडते: आपण वाचलो याची टोचणी. बरोबर पकडला गेलेला आणि जिवंत सुटलेला सोबती मनात हिशेब मांडत राहतो, की मार आपल्या वाट्याला कमी का आला, आपण ओरडलो असतो तर काय झाले असते.

मराठीत ‘सोयरसुतक नसणे’ हा वाक्प्रचार ‘काहीही देणेघेणे नसणे’ या अर्थाने वापरतात. ज्याला सोयर नाही आणि सुतकही नाही तो परका, असा त्यामागचा हिशेब आहे. या मृत्यूंनी तो हिशेब खोटा ठरवला. ज्यांना शास्त्राने सुतक दिले नाही आणि कायद्याने नाते दिले नाही, त्या सोबत्यांच्या साक्षीवरच आई-वडिलांच्या शोकाला आधार मिळाला.

संशयाची शिस्त

अविश्वास योग्य आहे म्हणून प्रत्येक संशय खरा ठरतो, असे मात्र नाही. कोठडीत माणसे आजारानेही मरतात, आत्महत्याही होतात, काही जण खरोखर पळतातही. दुःखाने पोळलेले मन सर्वांत भयानक शक्यता उचलते आणि ती पुरावा नसताही खरी मानू लागते. गावात अफवा फिरते, आणि अफवेचा आधार घेतला की खऱ्या प्रश्नांनाही अफवा म्हणून बाजूला सारणे सरकारी यंत्रणेला सोपे जाते. म्हणून संशयाला शिस्त लागते, आणि ती शिस्त म्हणजे कागद मागण्याची चिकाटी.

हे कागद मोजके आहेत. अटकेची नोंद आणि तिच्यावरची साक्षीदाराची सही. स्टेशन डायरीतल्या नोंदी आणि त्यांच्या वेळा. अटकेनंतरची व त्यापुढची वैद्यकीय तपासणी. मरणोत्तर पंचनामा, म्हणजे पंचांसमक्ष देहावरच्या खुणांचे केलेले वर्णन. शवविच्छेदनाचा अहवाल आणि त्याचे चित्रीकरण, ज्याचा आग्रह मानवी हक्क आयोगाने १९९५ पासून धरला आहे. न्यायिक दंडाधिकाऱ्याचा चौकशी अहवाल. आणि ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचे चित्रण. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडी, व्हरांडा आणि प्रवेशद्वार टिपतील असे कॅमेरे बसवण्याचा आणि चित्रण १८ महिने राखण्याचा आदेश दिला. कोणतेही चित्रण काही काळाने पुसले जाते, म्हणून ते राखून ठेवण्याची लेखी मागणी पहिल्या काही दिवसांतच करणे महत्त्वाचे ठरते. शोकाच्या दिवसांत अर्ज लिहिणे निर्दयपणाचे वाटले, तरी पुढे त्या दिवसांचा पुरावा म्हणून तो अर्जच उरतो.

शवविच्छेदनाचा कागद काय करू शकतो, हे परभणीच्या अलीकडच्या प्रकरणात दिसले. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या हिंसाचारानंतर अटक झालेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. विधानसभेत सरकारने आजाराचे कारण सांगितले आणि मारहाण झाल्याचे नाकारले. शवविच्छेदन अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख होता. त्याच्या आईच्या याचिकेवर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि त्याला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात फेटाळले. दोषी कोण हे त्याने ठरले नाही, पण सभागृहात सांगितलेल्या हकिगतीला प्रश्न विचारण्याचा आईचा हक्क मान्य झाला, आणि त्या हक्काच्या मुळाशी एका डॉक्टरने लिहिलेली एक ओळ होती.

गाऱ्हाणे

देह आणि हकिगत यांच्या पलीकडची तिसरी गरज, म्हणजे ऐकणारी माणसे, सिंधुदुर्गाने एका विधीत जपून ठेवली आहे. इथल्या गावोगावी रवळनाथ, सातेरी, माऊली अशा ग्रामदेवतांसमोर गाऱ्हाणे घातले जाते. गावाचा मानकरी उभा राहून देवाला उद्देशून मोठ्या आवाजात घडले ते सांगतो, मागणे मांडतो, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी जमलेले गावकरी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. गाऱ्हाणे या शब्दात तक्रार आणि प्रार्थना हे दोन्ही अर्थ आहेत, आणि त्याची रचना साक्षीची आहे: सांगणारा एक असला, तरी होकार देणारे अनेक असतात, आणि त्या होकारानंतर ते दुःख एकट्याचे राहत नाही.

पोलीस ठाण्याच्या दारात बसलेल्या नातेवाइकांच्या आणि सोबत्यांच्या मागण्या ऐकल्या, तर त्यांची रचना गाऱ्हाण्यासारखीच असते. नीलावती बेहेरांचे पत्र हे एक गाऱ्हाणे होते आणि ते वाचून न्यायालयाने जे म्हटले त्याला होकाराचे वजन होते. सांगलीचा बंद हाही असाच होकार होता; अनिकेतला कधी न पाहिलेल्या दुकानदारांनी दुकानाची फळी खाली ओढली, ती आरोपीच्या निर्दोषपणाची ग्वाही म्हणून नव्हे, तर त्याचे काय झाले हे विचारण्याचा हक्क त्याच्या माणसांना आहे, हे मान्य करण्यासाठी. लुटमारीची तक्रार खरी की खोटी हे न्यायालयात ठरले असते. त्या प्रश्नाचे उत्तर मिळवण्याची संधीही त्या रात्री जळून गेली.

शोक केव्हा संपतो, याला शास्त्राने दिवस नेमून दिले आहेत आणि कायद्याने वर्षे. या प्रकारच्या मृत्यूत मात्र शोकाचा आरंभच एका दुरुस्तीवर अवलंबून असतो. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ प्रमाणे मृत्यू जिथे घडला तिथल्या निबंधकाकडे तो २१ दिवसांच्या आत नोंदवायचा असतो, आणि दाखल्यावर मृताच्या नावाखाली मृत्यूची तारीख आणि मृत्यूचे ठिकाण असे दोन रकाने येतात. पळून गेलेल्या माणसाला ना तारीख असते ना ठिकाण. त्याच्या माणसांनी इतक्या दारांवर जाऊन जे मागितले, त्याची सुरुवात या दोन रकान्यांपासून होते. त्या दोन ओळी भरल्या गेल्या, की आई सुतक मोजू शकते. आणि ज्याला सुतक नसते तो मित्र, आपण त्या रात्री पाहिले ते खरे होते, एवढे तरी स्वतःशी म्हणू शकतो.